एका वितीचा हिशोब: पारंपरिक धनुष्य निवडणं, जुळवणं आणि शिकारीतली जबाबदारी

धनुष्यबाणाने शिकार आणि ‘नैतिक’ हे शब्द एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. रायफल असताना लाकडाचं धनुष्य कशाला? जनावर तडफडत मरत नसेल का? प्रश्न रास्त आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्याला हा विषय बहुधा व्हिडिओतूनच भेटतो आणि व्हिडिओत दिसतो तो फक्त सुटलेला बाण. उत्तर अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या हंगामात अशी शिकार चालते. विस्कॉन्सिन राज्याने हरणांसाठी केवळ धनुष्यबाणाचा हंगाम १९३४ मध्येच ठेवला होता. तिथला जबाबदार शिकारी बाण सोडण्याआधी महिनोन्‌महिने काय करत असतो ते कळलं, की वरच्या प्रश्नांना उत्तरं मिळू लागतात.

बाणाने जनावर मरतं कसं?

गोळीची आणि बाणाची काम करण्याची पद्धतच वेगळी. दोरी ओढायला ५० पौंडांचा जोर लागतो अशा धनुष्यातून सुटलेला ३२ ग्रॅमचा बाण सेकंदाला साधारण ५२ मीटर वेगाने जातो. त्याची ऊर्जा भरते ४३ ज्यूलच्या आसपास. हरणासाठी वापरतात त्या मध्यम रायफलची गोळी नळीतून बाहेर पडताना साडेतीन हजार ज्यूलच्या घरात असते. म्हणजे जवळजवळ ऐंशी पट.

गोळी म्हणजे घण, बाण म्हणजे वस्तरा. घणाला धार लागत नाही, त्याचा दणकाच पुरतो. वस्तऱ्यात दणका नावालाही नसतो, त्याचं सगळं काम धारेवर चालतं. दाढी करताना नवं ब्लेड लागलं तर आधी काही कळतही नाही. आरशात रक्त दिसलं की कळतं, आणि ते लवकर थांबत नाही. बोथट वस्तूने ओरखडा आला तर दुखतं जास्त आणि रक्त लवकर गोठतं. बाणाच्या पात्याचं असंच आहे. दोन्ही फुप्फुसांतून धारदार पातं आरपार गेलं तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो, मेंदूला रक्त मिळेनासं होतं आणि हरीण थोडं धावून काही सेकंदांत पडतं. तेच पातं वीतभर मागे, पोटात लागलं, तर जनावर कित्येक तास जिवंत राहतं.

हरणाच्या छातीवर जिथे बाण लागायला हवा ती जागा धरतात साधारण २० सेंटिमीटर व्यासाची. एक वीतच म्हणा ना. या वितीत पोहोचायचं, सरळ घुसायचं आणि स्वच्छ कापायचं. पुढची सगळी खटपट यासाठी आहे.

धनुष्य कोणतं घ्यावं?

पारंपरिक म्हणजे ज्याला चाकं नाहीत असं धनुष्य. त्याचे ठळक प्रकार दोन. लाँगबो लांब आणि एकसंध वाकणारा, रिकर्व्हची टोकं उलटी, पुढे वळलेली. रिकर्व्ह तेवढ्याच ताकदीत सहसा थोडा जास्त वेग देतो, लाँगबो हाताच्या बारीकसारीक चुका जास्त सहन करतो. दोन्हींनी शिकार होते, त्यामुळे या वादात वेळ घालवण्यात मला अर्थ वाटत नाही.

खरा निर्णय वेगळाच असतो. दोरी पूर्ण मागे ओढून धरायला जो जोर लागतो त्याला ड्रॉ वेट म्हणतात. पुढे त्याला आपण नुसती ‘ओढ’ म्हणू. चाकांच्या कंपाउंड धनुष्यात पूर्ण ओढल्यावर चाकं भार सोसतात. ६० पौंडांचं कंपाउंड ८० टक्के भार उचलत असेल, तर बोटांवर उरतात फक्त १२ पौंड. पारंपरिक धनुष्यात अशी सवलत नाही. ५० पौंड म्हणजे ५० पौंड, आणि तेही अगदी नेम धरायच्या क्षणी.

धनुष्यावर लिहिलेला आकडा दोरी २८ इंच मागे ओढून मोजलेला असतो, हे बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं. एका इंचाने दोन ते तीन पौंडांचा फरक पडतो. तुमचे हात आखूड असतील आणि तुम्ही २६ इंचच ओढत असाल, तर ५० लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात ४५ च्या आसपासच असतं. म्हणून धनुष्य घेण्याआधी आपण दोरी किती इंच ओढतो ते मोजून घ्यावं. उंच माणसाने फार आखूड धनुष्य घेतलं तर शेवटच्या दोन इंचांत ओढ एकदम चढते, दोरी बोटांना चिमटते आणि बाण सोडताना हात हिसकतो.

‘जास्त ओढ म्हणजे जास्त मारा, मग ६० पौंडच का नको?’

हा आक्षेप हमखास येतो. मला विचाराल तर या क्षेत्रातली सगळ्यांत जास्त नुकसान करणारी समजूत हीच. न पेलणारं धनुष्य घेतलं की माणूस दोरी हनुवटीपर्यंत न आणताच सोडून देतो. नेम लागायच्या आधीच बोटं उघडतात आणि मनात त्याची धास्ती बसते. मग हलकं धनुष्य घेतलं तरी ती खोड जायला वर्ष लागतं.

एक सोपी परीक्षा आहे. जमिनीवर मांडी घालून बसा. धनुष्य आभाळाकडे न उचलता, समोरच धरून, सावकाश ओढा. पूर्ण ओढल्यावर चार-पाच सेकंद थांबा आणि तितक्याच सावकाश दोरी परत सोडा. खांदा कानाशी चढला, हात थरथरला किंवा श्वास अडकला, तर ते धनुष्य तुमच्यासाठी नाही, निदान आज तरी नाही. जंगलात दोन तास थंडीत निश्चल बसल्यावर, जाड कोट घालून, जनावराच्या नकळत हेच करायचं असतं. हरणासाठी ४० ते ५० पौंड बहुतेकांना पुरतात; एल्क किंवा मूस यांसारख्या मोठ्या जनावरांसाठी त्याहून जास्त लागतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या नियमांत किमान ओढ ठरवून दिलेली असते, ती पाळावीच लागते. पण ४५ पौंडांचा नीट सुटलेला बाण ६० पौंडांच्या हिसकलेल्या बाणापेक्षा खोल जातो. का, ते बाणाकडे वळलो की कळेल.

बाण वाकतो, आणि वाकायलाच हवा

दोरी सुटते तेव्हा ती बाणाला धनुष्याच्या मधोमध ढकलत असते, पण मध्ये धनुष्याची मूठ आडवी येते. मग बाण मुठीला न आपटता पुढे जातो कसा? तो वाकतो. पाण्यातल्या खडकाला वळसा घालताना मासा जसा अंगाला झोल देतो, तसा बाण मुठीपाशी एकदा इकडे, एकदा तिकडे वाकतो, मूठ चुकवतो आणि पुढे हळूहळू सरळ होतो. डोळ्यांना हे दिसत नाही. क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं, तेव्हा धनुर्धरांना पहिल्यांदा आपलाच बाण असा नागमोडी जाताना दिसला.

म्हणून बाण निवडताना त्याच्या ताठपणाला सर्वांत जास्त महत्त्व. त्याला स्पाइन म्हणतात. कार्बनच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीला २८ इंचांच्या अंतरावर दोन आधार देतात, मध्यभागी १.९४ पौंडांचं वजन टांगतात आणि ती किती झुकली ते मोजतात. अर्धा इंच झुकली तर ती ५०० स्पाइनची. ०.४ इंच झुकली तर ४०० ची. म्हणजे आकडा जितका लहान तितकी दांडी ताठ. पहिल्यांदा हे उलटं वाटतं. लाकडी दांड्यांची मापनपद्धत वेगळी असते आणि त्यांच्यावर थेट पौंडांचा आकडा लिहिलेला असतो.

पण हा झाला टेबलावरचा ताठपणा. धनुष्यातून सुटताना तोच बाण वेगळा वागतो. दांडी लांब ठेवली की तो मऊ होतो, कापली की ताठ. पुढे जड टोक लावलं की मऊ, हलकं लावलं की ताठ. धनुष्याची ओढ वाढली की मऊ. मूठ मध्यरेषेपर्यंत किंवा तिच्या पुढे कापलेली असेल तर ताठ बाण चालतो, जाड मुठीच्या लाँगबोला मऊ लागतो. मित्राच्या धनुष्यात सरळ जाणारा बाण तुमच्या धनुष्यात तिरका जातो तो यामुळे. तक्त्यावरून बाण ठरवणं ही फक्त सुरुवात.

‘कार्बनचा बाण वापरला तर पारंपरिक काय राहिलं?’ असंही विचारतात. परंपरेचा अभिमान मला कळतो. पोर्ट ऑरफर्ड सीडर या लाकडाच्या दांड्यांना वास आणि स्पर्श आहे, तो कार्बनला कधी येणार नाही. पण लाकडी बाण वापरायचे तर प्रत्येक दांडी तपासा, सरळ करा, वजनाने आणि ताठपणाने जुळवा. बारा दांड्यांतल्या पाच बाजूला काढायची तयारी नसेल, तर कार्बन किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्या. जनावराच्या दृष्टीने दांडी कशाची आहे त्यापेक्षा ती सरळ गेली की नाही, एवढंच खरं.

जड बाण का?

बाणाचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ७,००० ग्रेनचा एक पौंड, ५०० ग्रेन म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम. पारंपरिक धनुष्यासाठी जुना हिशोब असा, की ओढीच्या दर पौंडाला १० ग्रेन. म्हणजे ५० पौंडांना ५०० ग्रेनचा बाण. पिंगपाँगचा चेंडू कितीही जोरात मारा, गवतात शिरताच थांबतो. क्रिकेटचा चेंडू हळू असला तरी आत जातो. जड बाण वेगात थोडा मागे पडतो, पण घुसताना टिकून राहतो. शिवाय धनुष्याची ताकद तो जास्त प्रमाणात स्वतःकडे घेतो, त्यामुळे धनुष्य कमी हादरतं आणि कमी वाजतं.

एड अ‍ॅशबी यांनी आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाण किती खोल जातो याच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवल्या. जाड हाड लागण्याची शक्यता असेल तर ६५० ग्रेनच्या पुढचा बाण हवा, हे त्यांचं म्हणणं प्रसिद्ध झालं आणि लोकांनी नेमकं तेवढंच उचललं. त्यांच्या यादीत मात्र बाण न मोडता शाबूत राहणं पहिलं आहे आणि बाण सरळ उडणं दुसरं. वजन त्यानंतर येतं. तिरका घुसणारा बाण म्हणजे कोनात ठोकलेला खिळा. ठोका कितीही जोरात बसू दे, अर्धा जोर खिळा वाकण्यातच जातो.

वजनाचा मोठा वाटा पुढच्या टोकाकडे असावा. दोरी पुढून ओढली की सरळ मागे येते, मागून ढकलली की गोळा होते. बाणाचंही तसंच: जड टोक मागच्या दांडीला ओढून नेतं.

पातं आणि धार

पारंपरिक धनुष्यासाठी न उघडणारं, पक्कं पातं घ्यावं. लागल्यावर फाकणारी पाती मिळतात, पण फाकायलाच ऊर्जा लागते आणि आपल्याकडे आधीच मोजकी. दोन धारांचं अरुंद पातं सर्वांत सहज घुसतं, तीन धारांचं मोठी जखम करतं. कमी ओढीच्या धनुष्याला दोन धारांचंच बरं.

धार लावताना घाई चालत नाही. दगडावर पातं एकाच कोनात फिरवत गेलं की दुसऱ्या बाजूला धातूची अगदी बारीक कड उभी राहते. अंगठा धारेवर आडवा, हलका फिरवला की ती बोटाला अडते. कड पूर्ण लांबीभर जाणवली की बाजू बदलायची. मग दाब कमी करत करत बारीक दगड, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने घासून ती कड काढून टाकायची. तयार पातं हातावरचे केस न ओढता उतरवतं. दुसरी चाचणी रबर बँडची: ताणलेल्या रबराला पातं नुसतं टेकवलं की ते तुटलं पाहिजे. दाबावं लागलं तर पुन्हा दगडाकडे. कारखान्यातून आलेलं पातं धारदारच असेल असं धरून चालू नये. भात्यात घासून, दवात राहून धार उतरते, म्हणून ती रोज पाहावी.

जुळवणी: एका वेळी एकच गोष्ट

धनुष्य, बाण आणि माणूस या तिघांचं जमवून आणणं म्हणजे ट्यूनिंग. यात क्रम चुकवू नये.

आधी दोरी मुठीपासून किती उंच आहे ते पाहा. लाँगबोला साधारण ६ ते साडेसात इंच, रिकर्व्हला साडेसात ते ९. नेमका आकडा धनुष्य बनवणारा सांगतो. दोरीला पीळ वाढवला की उंची वाढते. थोडा थोडा पीळ देत बाण सोडत राहा आणि कान द्या: एका उंचीवर धनुष्याचा आवाज दबका होतो आणि हाताला हादरा कमी जाणवतो. तिथे थांबा. एक सावधगिरी: जुन्या धनुष्याची टोकं मजबूत केलेली नसतील तर त्याला थोडी ताणली जाणारी, डेक्रॉन धाग्याचीच दोरी लावा, आणि बाणाशिवाय रिकामी दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ती सगळी ताकद धनुष्यातच फुटते.

मग दोरीवर बाणाची खाच कुठे बसवायची ते ठरवा. बाण धनुष्यावर जिथे टेकतो त्या टेकणीपासून दोरीला काटकोनात जाणाऱ्या रेषेपेक्षा अर्धा इंच वर, ही सुरुवात चांगली.

आता बिनपिसांचा बाण. मागची पिसं बाणाच्या चुका हवेत झाकतात, म्हणून तपासताना ती काढायची. दहा यार्डांवरून, म्हणजे नऊ मीटरवरून, तीन पिसांचे बाण आणि दोन बिनपिसांचे सोडा. फोममध्ये रुतलेले पाच बाण बाजूने पाहिले की सगळं उघड होतं. पिसांचे तिन्ही सरळ रुतलेले असतात. बिनपिसांचे बाजूला लागलेले, त्यांच्या शेपट्या एका अंगाला झुकलेल्या. वर-खालीचा दोष आधी दुरुस्त करा. बिनपिसांचे वर लागत असतील तर खाच खाली बसली आहे, खाली लागत असतील तर वर. फक्त खाच फारच खाली असेल तर बाण टेकणीवर आपटून उसळतो आणि उलटंच चित्र दाखवतो, म्हणून वरून सुरुवात करून खाली यावं.

वर-खाली जमलं की डावं-उजवं. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण डावीकडे गेले तर ते ताठ आहेत. टोकाचं वजन वाढवा. उजवीकडे गेले तर मऊ; दांडी पाव इंच कापा आणि पुन्हा पाहा. पाव इंचच, कारण कापलेलं परत जोडता येत नाही. डावखुऱ्यांनी दिशा उलट धरावी. अंतर वीस यार्डांपर्यंत वाढवूनही बिनपिसांचे बाण पिसांच्या घोळक्यात लागू लागले, की बाण जुळला.

शेवटी शिकारीचं पातं लावूनच सराव करा. सरावाच्या गोल टोकाला पंख नसतात. पात्याला असतात, आणि तेही पुढे. बाण जराही तिरका निघाला तर पुढचे हे पंख त्याला आणखी भरकटवतात. दोन्ही टोकं एकाच जागी लागली तरच जुळवणी पूर्ण. कित्येकजण ही शेवटची पायरी गाळतात आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी ती जनावरावर होते. मला हे अक्षम्य वाटतं.

‘इतकं जुळवल्यावर लांबूनही मारता येईल?’

नाही, आणि याचं कारण कौशल्यात नाही, गणितात आहे. वीस यार्ड म्हणजे १८ मीटर. तिथवर जायला आपल्या बाणाला ०.३५ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तो ६१ सेंटिमीटर खाली येतो. पंचवीस यार्डांवर हा आकडा ९५ होतो. समजा हरीण पंचवीसवर उभं आहे आणि तुम्ही ते वीस यार्डांवर समजून नेम धरला. हवेचा अडथळा सोडून दिला तरी बाण सुमारे १९ सेंटिमीटर खाली लागेल. आपली ती वीत इथेच संपली.

शिवाय आवाज बाणाच्या पुढे धावतो. दोरीचा आवाज ०.०५ सेकंदात हरणाच्या कानावर पडतो, बाण त्यानंतर ०.३ सेकंदांनी पोहोचतो. दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं, आणि बाण पाठीवरून किंवा पाठीच्या कण्यापाशी जातो. दोरीवर लोकरीचे किंवा फरचे गोंडे बांधतात ते यासाठी.

प्रत्येकाचं अंतर वेगळं. ते ठरवताना दिवसाचा पहिला बाण मोजावा. हात गरम झाल्यावरचा विसावा बाण नव्हे. सकाळी उठून एकच बाण, रोज. तो ज्या अंतरावर न चुकता वितीत लागतो ते तुमचं अंतर. बहुतेकांचं ते पंधरा ते वीस यार्डांत येतं, कुणाचं बारा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

‘मग रायफलच जास्त दयाळू नाही का?’

लांबच्या अंतरावर, हो. हे मान्य करायलाच हवं. धनुष्याने जखमी होऊन निसटलेली जनावरं असतात, आणि ती नसतातच असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. धनुष्य घेणारा माणूस आपली मर्यादा जवळ जाऊन भरून काढायचं कबूल करत असतो. आजच्या अमेरिकी धनुर्विद्येची सुरुवातच या धड्याने झाली. ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीचा इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला एकटाच लोकांसमोर आला. सॅक्सटन पोप हे डॉक्टर त्याच्याकडून धनुष्यबाण शिकले. लक्ष्यावर इशी काही विक्रमवीर नव्हता. त्याची करामत होती ती जनावराला आवाज देऊन जवळ बोलावण्यात आणि तासन्‌तास न हलण्यात. १९१६ मध्ये तो गेला. त्याच्या शिकवणीतून पुढे पोप आणि त्यांचे शिकारीतले साथीदार आर्ट यंग यांच्या नावाचा शिकारी क्लब १९६१ मध्ये उभा राहिला.

जवळ आलेलं जनावरही नीट उभं असावं लागतं. पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तरच दोन्ही फुप्फुसं बाणाच्या वाटेत येतात. तोंड आपल्याकडे असेल, सावध असेल, मध्ये एखादी डहाळी असेल, तर दोरी सावकाश परत सोडायची.

बाण लागल्यावर

उठून धावायचं नाही. बाण कुठे लागला, जनावर कोणत्या झाडापाशी दिसेनासं झालं, हे डोळ्यांत ठेवायचं आणि अर्धा तास बसून राहायचं. मग बाण शोधायचा. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसं. जनावर बहुधा जवळच पडलेलं असतं. गडद लाल असेल तर यकृत. आणखी काही तास थांबायचं. हिरवट अंश आणि उग्र वास आला तर बाण पोटात लागला आहे. अशा वेळी लगेच मागे लागलं तर जनावर उठतं, वेदनेतच मैलभर जातं आणि सापडत नाही. न हुसकावलेलं जनावर पुष्कळदा जवळच बसतं. तेव्हा शेवटच्या रक्ताच्या थेंबापाशी खूण बांधायची, आलो त्याच वाटेने पाय न वाजवता मागे फिरायचं, आणि आठ-दहा तासांनी सोबत घेऊन त्या खुणेपासून माग काढायला लागायचं.